तो सिग्नल तोडून गेला आणि दंड मला

पत्र:

ताई, रोज गाडीने ऑफिसला जातो. सीटबेल्ट लावतो, फोन उचलत नाही, लिमिट पाळतो, आजवर कुणाला घासलेलं पण नाही. पण बाकीच्यांनी डोकं फिरवलंय. मागून चिकटतात, समोरून अप्पर मारत येतात, सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच हॉर्न. मग मी पण आता ठरवलंय, मागचा चिकटला की मुद्दाम ब्रेकला पाय लावतो, लाईट दिसली की टरकतो तो. ओव्हरटेकिंगच्या लेनमध्ये बरोब्बर लिमिटवर चालतो, मागच्याने कितीही डिपर दिला तरी सरकत नाही, त्याला नियम मोडायला मी का मदत करू? मागच्या आठवड्यात सिग्नलला थांबलो, पुढचं चाक स्टॉप लाईनच्या जरा पुढे गेलं, लाईन पुसलेलीच होती. माझ्या शेजारून दोन बाईक लाल असताना सुटल्या आणि पोलीस आला माझ्याकडे! दंड! मी पण सोडलं नाही, चांगलाच वाद घातला. बायको म्हणते तुझ्या गाडीत आता बसणार नाही. मुलगी गाडी शिकायला लागली, ती म्हणते बाबांकडून नको. नियम पाळून मीच मूर्ख ठरतोय का? पोलीस फक्त वसुलीलाच असतात का? आणि डॅशकॅम घेऊ का?
— वैतागलेला

उत्तर:

दादा, आधी वहिनींच्या बाजूने बोलते, मग तुमच्या बाजूने. दोन्हीकडून बोलण्यासारखं आहे, काळजी करू नका.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला असं दिसलं की तुम्ही स्टिअरिंगवर बसून दोन नोकऱ्या करताय, एक ड्रायव्हरची आणि एक ट्रॅफिक पोलिसाची, आणि दुसरीचा ना पगार मिळतो ना अधिकार. सगळा वैताग त्या दुसऱ्या नोकरीचा आहे. पहिली तुम्ही बरी करत होतात, दुसरी लागल्यापासून पहिलीत पण चुका व्हायला लागल्यात.

ते ब्रेकचं आधी घेऊ कारण ते वाचून मला खरंच धस्स झालं. तुम्ही म्हणता लाईट दिसली की तो टरकतो. टरकायला त्याचं लक्ष रस्त्यावर पाहिजे ना! चिकटून चालवणाऱ्यांतले काही घाईत असतात, काहींना अंतर म्हणजे काय ते कळत नाही आणि काही चक्क मांडीवरच्या फोनमध्ये असतात, आरशात बघून तुम्हाला यातला कुठला ते कळणार नाही. आता हिशोब बघा. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. तो तुमच्या मागे ५ मीटरवर असेल तर त्याच्या हातात सेकंदाचा तिसरा हिस्सा पण नाही, आणि डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जायला चांगल्या लक्ष असलेल्या माणसाला पण सेकंदभर लागतो. तुम्ही नुसता पाय टेकवून सोडणार हे तुम्हाला माहीत, त्याला नाही. म्हणजे एखाद दिवशी जरा जोरात दाबलात की तो सरळ डिकीत येणार, आणि डिकीला लागून असलेल्या मागच्या सीटवर कोण बसलेलं असतं? मुलगी. धडा त्याला शिकवायचा आणि मार तिला. मागून ठोकणाऱ्याचीच चूक धरतात बहुतेक ठिकाणी, मान्य, पण त्या कागदाने मानेचा झटका बरा होत नाही. आणि तुम्ही मुद्दाम ब्रेक लावल्याचं सिद्ध झालं तर तो कागद पण तुमच्या विरोधात जाऊ शकतो.

मग करायचं काय? बरोब्बर उलटं. मागचा चिकटला की पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा, हळूच, ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करून. विचित्र वाटतं ऐकायला पण त्यामागे कारण आहे, मागच्याकडे थांबायला जागा नाही म्हणजे त्याच्या वाटची जागा पण तुम्हालाच पुढे ठेवावी लागते, म्हणजे पुढे काही झालं तर तुम्हाला करकचून दाबावं लागत नाही, हळू दाबता येतं, आणि मग तो पण वाचतो. आणि जागा मिळाली की बाजूला होऊन जाऊ द्या त्याला. गेला की विषय संपला, तुमच्या आयुष्यातून गेला तो कायमचा.

यावर तुम्ही म्हणणार की अंतर ठेवलं की कुणीतरी घुसतंच. घुसतं. घुसू द्या. साधा नियम दोन सेकंदांचा आहे: पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायचं, ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात, आणि पावसात हेच दुप्पट. आता एकजण घुसला की तुम्ही परत दोन सेकंद मागे होणार, दहाजण घुसले तर वीस सेकंद, ऑफिसला वीस सेकंद उशीर झाला म्हणून कुणी काढत नाही. शिवाय ट्रॅफिक बऱ्याचदा या चिकटण्यानेही तुंबतो हा माझा लाडका विषय आहे. जपानमध्ये नागोयाच्या संशोधकांनी २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या सोडल्या आणि सगळ्यांना सांगितलं एकसारख्या वेगाने चालवा, २००८ मध्ये त्यांनी ते छापलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना कुणी आडवा आला, तरी थोड्या वेळात जॅम तयार झाला आणि लाटेसारखा मागे मागे सरकत राहिला. एकाने जरा दाबलं की मागचा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि शेवटी कुणीतरी पूर्ण थांबतो. ज्याच्यापुढे अंतर असतं त्याच्यापाशी ही लाट विरते. तेव्हा ते अंतर म्हणजे तुमचा बावळटपणा नाही, मागच्या सगळ्यांवर उपकार आहेत, थँक्यू कुणी म्हणणार नाही ते सोडा.

आता ओव्हरटेकिंगची लेन. इथे मात्र दादा तुम्ही चुकताय आणि नियमानेच चुकताय. जगात बहुतेक ठिकाणी नियम असा आहे की ती लेन पुढे जाण्यापुरती घ्यायची आणि काम झालं की परत आपल्या लेनमध्ये यायचं, तुमचा वेग किती आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे लिमिटवर चालणारा पण तिथे ठाण मांडून बसला तर तो अडथळाच. आणि त्यात आणखी एक, तुमचा काटा लिमिट दाखवतो तेव्हा गाडी बहुधा त्याहून थोडी कमीच पळत असते, कारण स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, म्हणून कंपन्या तो जरा जास्त दाखवेल असाच ठेवतात. म्हणजे 'बरोब्बर लिमिट' पण बरोब्बर नाही! मागच्याला तुम्ही अडवलंत म्हणून तो लिमिटमध्ये येत नाही, तो चुकीच्या बाजूने घुसून पुढे जातो, दोन गाड्यांच्या फटीतून, चिडलेला, आणि त्या फटीत एखादा बाईकवाला असतो ज्याचा या भांडणाशी काही संबंध नसतो.

वाईट वाटून घेऊ नका, आपण सगळे असेच असतो. १९८१ मध्ये ओला स्वेन्सन नावाच्या स्वीडिश संशोधकाने ड्रायव्हर लोकांना विचारलं होतं की तुम्ही इतरांच्या तुलनेत कसं चालवता, तर त्याच्या अमेरिकन गटातल्या ९३ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं, स्वीडिश गटात ६९ टक्के. निम्म्यातच एवढे सगळे कसे मावणार? तुमच्या मागे चिकटणाऱ्याला विचारलं तर तो पण सांगेल की मी मस्त चालवतो, पुढचाच एक येडा लेन अडवून बसलेला.

अप्परचं थोडक्यात. समोरून अप्पर मारत आला तर एकदा डिपर द्या, एकदाच. ऐकलं तर ठीक, नाही तर आपल्या बाजूच्या कडेची पट्टी धरून तिच्यावर नजर ठेवा आणि वेग कमी करा. उलट अप्पर मारायचा नाही, कारण मग एक आंधळा होता तिथे दोन होतात, आणि दोघे ६० ने येत असाल तर सेकंदाला ३३ मीटर जवळ येताय एकमेकांच्या. मागून येत असेल तर आतल्या आरशाखाली छोटी खिट्टी असते, ती ओढली की आरसा रात्रीचा होतो. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या लोकांना ती कशासाठी आहे ते माहीत नसतं, तुम्हाला असेल तर सॉरी.

आणि हिरवा व्हायच्या आधी हॉर्न वाजवणाऱ्यावर माझ्याकडे काहीही उपाय नाही, रेडिओ लावा.

आता तुमच्या बाजूने. दोन बाईकवाले लाल तोडून गेले आणि दंड थांबलेल्याला, चोर सोडून संन्याशाला फाशी, याचा राग येणारच आणि यायलाच पाहिजे. पण हे होतं कसं ते समजून घेतलंत तर राग त्या चौकातल्या माणसावर न जाता जरा वर जाईल, जिथे त्याचा उपयोग आहे. जो पळाला त्याला पकडायला पाठलाग करावा लागतो, आणि भर रस्त्यात पाठलाग म्हणजे सिग्नल तोडण्यापेक्षा मोठा धोका, म्हणून अनेक देशांत पोलिसांवर पाठलाग करण्याबाबत बंधनं आहेत. मग उरतो कोण? जो थांबलाय, काच खाली करतोय, कागद नीट ठेवतोय. म्हणजे पद्धतच अशी आहे की जो थांबतो तोच सापडतो. वर जर साहेबाने संध्याकाळी विचारलं की आज किती केसेस केल्या, आणि या चौकात अपघात किती कमी झाले ते कधीच विचारलं नाही, तर खालचा माणूस सोप्या केसेसच करणार. याला वसुली म्हणा, मी म्हणेन चुकीची मोजणी. त्यात काही जण खरंच हात ओले करून घेतात, ते वेगळं आणि ते गुन्हाच आहे, त्यात समजून घेण्यासारखं काही नाही.

चांगली पद्धत कशी असते याची पण उदाहरणं आहेत. दंड किती मोठा यापेक्षा आपण सापडणार याची खात्री किती यावर माणसं वागतात, हे इटलीच्या बेकारिया नावाच्या विचारवंताने १७६४ मध्ये लिहून ठेवलंय, तेव्हा गाड्या पण नव्हत्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये डिसेंबर १९८२ पासून पोलीस कुणालाही, काही संशय नसताना, रस्त्यावर थांबवून दारूची फुंकर चाचणी घ्यायला लागले, दिसेल अशा ठिकाणी आणि भरपूर, आणि रस्त्यावरचे मृत्यू ठळकपणे उतरले, कारण प्यायलेल्याला वाटायला लागलं की आज आपला नंबर लागू शकतो. उलट एकाच ठराविक ठिकाणी कॅमेरा लावला की लोक तेवढ्यापुरता ब्रेक मारतात आणि पुढे दुप्पट पळवतात, म्हणून आता काही देशांत दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, तिथे ही चलाखी चालत नाही. (कॅमेऱ्यावरून आठवलं, स्पीड कॅमेऱ्याचा एक जनक मॉस गात्सोनिडेस हा डच रॅली ड्रायव्हर होता, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला, आणि त्याने ते यंत्र बनवलं ते वळणावर स्वतः आणखी जोरात कसं जाता येईल ते तपासायला! नियतीला पण विनोदबुद्धी असते.) आणि फिनलंडमध्ये दंड माणसाच्या कमाईवर ठरतो, २००२ मध्ये ५० च्या रस्त्यावर ७५ ने गेला म्हणून एका बड्या कंपनीच्या डायरेक्टरला १ लाख १६ हजार युरो लावले होते. अपिलात खूप कमी झाले पण झोप तर उडाली असेल. हे सगळं मागायचं तर मागता येतं, मतं मागायला येणाऱ्यांकडे, पोलिसांच्या वरच्या ऑफिसात, पालिकेत. चौकात उन्हात उभ्या असलेल्या शिपायाशी वाद घालून यातलं काहीच मिळत नाही. आणि 'त्यांना का सोडलं' हा मुद्दा खरा असला तरी तुमच्या केसमध्ये बचाव म्हणून चालत नाही, दुसऱ्याने चोरी केली म्हणून माझी माफ असं कुठलंच कोर्ट म्हणत नाही.

तुमच्या केसमध्ये चालू शकतो तो मुद्दा वेगळाच आहे आणि तो तुम्ही पत्रात येता जाता लिहून टाकलाय: लाईन पुसलेली होती. वाद घालताना तुम्ही हा बोललात का? मला वाटत नाही, बाईकवाल्यांबद्दलच बोलला असाल. त्या चौकात जा, गाडीशिवाय, दिवसाउजेडी, आणि फोटो काढा. लांबून एक, ड्रायव्हरच्या उंचीवरून एक, जवळून एक, आजूबाजूचं काहीतरी ओळखीचं दिसेल असं. लाईन खरंच दिसत नसेल तर हरकत घ्या. दिसत असेल तर गुपचूप दंड भरा, कारण ती लाईन उगीच नसते. पुढे चालणाऱ्यांची पट्टी असते, आणि उंच ट्रकच्या अगदी नाकासमोर उभा असलेला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही, तेवढी जागा रिकामी राहावी म्हणून गाडी मागे थांबवतात.

फोटो काढलेच आहेत तर तक्रार पण करून टाका, पण 'लोक बेशिस्त आहेत, काहीतरी करा' अशी नको, अशा तक्रारीचं कुणी काही करू शकत नाही, करायची इच्छा असली तरी. जागा, वेळ, काय होतं आणि काय हवं एवढंच लिहा. स्टॉप लाईन पुसलीय, परत मारा. सिग्नल झाडाच्या फांदीमागे लपतो, फांदी तोडा. पिवळा फार लवकर संपतो, वेळ तपासा. रंगाला आणि फांदीला बजेट असतं, कुणाची तरी जबाबदारी असते, आणि केलं की केलं असं दाखवता येतं. आजूबाजूच्या चार लोकांच्या सह्या मिळाल्या तर फारच छान. रस्ता दुरुस्त केला की माणसं आपोआप बरी वागतात हे मी उगीच म्हणत नाही. साध्या चार रस्त्यांच्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना आडवे येतात किंवा मिळतात अशा ३२ जागा मोजतात, तिथेच मध्ये गोल बेट करून गाड्या त्याभोवती फिरवल्या की ८ उरतात, आणि समोरासमोर किंवा काटकोनात धडकायची सोयच राहत नाही. माणसं तीच, तेवढीच घाईतली. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठरवलं की रस्त्यावर कुणी मरणार नाही हे ध्येय, आणि त्याचा पाया हाच की माणूस चुकणारच, तेव्हा चूक झाली तरी जीव जाऊ नये असा रस्ता बांधा.

मूर्ख ठरता का विचारलंत. हे एकच गणित करून बघा. दोन गाड्या, एक ६० ने, एक ८० ने, कोरडा रस्ता, ब्रेक सारखेच, आणि दोघांपुढे एकाच ठिकाणी, ३७ मीटरवर, एक मूल रस्त्यात आलं. दोघांनाही पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागला धरा. ६० वाली मुलाच्या जेमतेम आधी थांबते. ८० वाली थांबत नाही हे तर झालंच, पण ती तिथे पोचते तेव्हा तिचा वेग अजून ६० च्या आसपास असतो! वीसचाच फरक होता सुरुवातीला. आणि ते वीस वाचवून काय मिळतं, मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटरला अडीच मिनिटं, आणि मध्ये सिग्नल असतील तर तेवढी पण नाहीत, पुढच्या लाल दिव्याला तुम्ही आणि तो शेजारी शेजारी उभे असता. तेव्हा तुमच्या शेजारून सुसाट गेलेला बघून जे वाटतं ना की हा जिंकला, ते सोडा, त्याला तुमच्याशी शर्यत लागलीय हे माहीत पण नाही.

मुलीचं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात २०२१ या एका वर्षात जगात ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर गेल्याचं दिलंय, आणि ५ ते २९ वयात मरण्याचं पहिल्या नंबरचं कारण रस्ता आहे. ती त्याच वयात गाडी शिकतेय. तिने क्लास लावलाय तर लावू द्या, उत्तमच आहे, पण क्लास संपल्यावरचा सराव तिला कुणाबरोबर तरी करावाच लागेल आणि ते तुम्ही असाल तर बरं, कारण सीटबेल्ट, फोन, लिमिट या तुमच्या सवयी खरंच चांगल्या आहेत. ब्रिटनमध्ये पोलिसांना गाडी शिकवताना एक युक्ती वापरतात, चालवता चालवता दिसेल ते मोठ्याने बोलायचं: पुढे बस थांबलीय, तिच्यापुढून माणूस येऊ शकतो, कमी करतोय. आता कडेची गाडी दार उघडेल, लांबून जातोय. तुम्ही हे आधी एकटे असताना करून बघा, एकच अट, विशेषणं वापरायची नाहीत. 'बाईक आत येतेय' चालेल, 'हा बघा आला...' चालणार नाही. पहिले काही दिवस तुमची गाडी फार शांत असेल कारण विशेषणं काढली तर बोलायला काही उरणार नाही, पण हळूहळू रस्ता दिसायला लागेल, माणसं दिसायची कमी होतील. जमलं की वहिनींना सांगा की एक चक्कर मारूया, बघ कसं वाटतं. त्या नाही म्हणाल्या तर वाद नको, महिन्याने परत विचारा. आणि त्यांना स्वतःला चालवता येत असेल तर चालवू द्या, तुम्ही शेजारी बसून पायाने हवेतले ब्रेक दाबायचे नाहीत.

डॅशकॅम घ्या. काही झालं तर कामाला येतो, विम्याला पण. पण लोकांच्या नंबरप्लेटसकट क्लिपा ग्रुपवर टाकत बसू नका, ती परत तीच पोलिसाची नोकरी, त्यातून भांडणं आणि कधी कधी केस पण होते. खरंच गंभीर काही असेल तर पोलिसांना द्या, नाही तर पुसून टाका. आणि पहिला आठवडा रात्री दहा मिनिटं फक्त स्वतःची क्लिप बघा, पुढच्या गाडीपासून किती अंतर होतं ते खांबावरून मोजत.

दंडाच्या पावतीवर किंवा मेसेजमध्ये हरकत घ्यायची मुदत लिहिलेली असते, बहुतेक वेळा फार मोठी नसते. आठवडा तर गेलाच आहे. तेव्हा ते फोटो उद्याच काढा, बाकी सगळं नंतर.